लेडीबग, कॅट नॉयर आणि पॅरिसभरचे खलनायक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'मिराक्युलस' या कार्टून मालिकेबद्दल पोरं, त्यांचे आईबाबा आणि नातवंडांसोबत टीव्हीसमोर अडकलेले आजी-आजोबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न १४ पर्यंत निर्धास्त वाचा. त्यापुढे मोठी रहस्यं फुटतात, त्यामुळे मालिका अर्धवट पाहिलेल्यांनी तिथेच थांबलेलं बरं.

१. लेडीबग म्हणजे नक्की कोण? नात दिवसभर तिचं नाव घेते, मला काही कळत नाही.

मॅरिनेट ड्युपाँ-चेंग ही पॅरिसमधली चौदाएक वर्षांची शाळकरी मुलगी. बाबा टॉम यांची बेकरी आहे, आई सबीन चिनी वंशाची, आणि घर बेकरीच्या वरच. मॅरिनेटला फॅशन डिझायनर व्हायचंय. ती धांदरट आहे, शाळेत नेहमी उशिरा पोचते आणि वर्गातला एड्रियन समोर आला की तिची बोबडी वळते. कानातल्या जादुई कुड्यांच्या जोरावर ती लेडीबग होते. मग अंगावर लाल पोशाख आणि काळे ठिपके, हातात यो-यो, आणि धांदरटपणा कुठल्या कुठे! काळ्या मांजराच्या वेशातला कॅट नॉयर हा तिचा जोडीदार. दोघं मिळून रोज पॅरिस वाचवतात, पण मुखवट्यामागे कोण आहे हे त्यांना एकमेकांचंही ठाऊक नाही.

२. एवढ्या मोठ्या शहरात कुड्या नेमक्या तिलाच कशा मिळाल्या?

परीक्षा घेऊन. मास्टर फू नावाचा १८६ वर्षांचा म्हातारा या जादुई दागिन्यांचा राखणदार आहे. शाळेला उशीर झालेला असताना, हातात बाबांनी दिलेला मॅकरॉनचा डबा घेऊन धावणारी मॅरिनेट एका म्हाताऱ्याला भरधाव गाडीसमोरून बाजूला ओढते. डबा पडतो, खाऊचा चुरा होतो, आणि उरलंसुरलं ती त्यालाच देऊन टाकते. तो म्हातारा म्हणजेच फू. एड्रियनची, म्हणजे पुढे कॅट नॉयर होणाऱ्या मुलाची, परीक्षाही तशीच. घरच्यांना चुकवून पहिल्यांदा शाळेत पळून आलेला हा मुलगा दारापर्यंत पोचलेला असतो, पण पडलेल्या म्हाताऱ्याला काठी उचलून द्यायला मागे वळतो. तेवढ्यात घरची माणसं त्याला गाठतात. म्हणजे दोघांनीही स्वतःचं नुकसान करून घेऊन मदत केली. फूने नेमकं तेच पाहिलं.

३. मालिका फ्रेंच आहे, जपानी आहे की कोरियन? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

मूळ फ्रेंच. कल्पना तोमा आस्त्रुकची, निर्मिती झॅगटून आणि मेथड ॲनिमेशन या फ्रेंच कंपन्यांची. जपानची तोएई ॲनिमेशन भागीदार आहे, आणि सर्वांत आधी मालिका दाखवली ती दक्षिण कोरियाच्या ईबीएस वाहिनीने, १ सप्टेंबर २०१५ रोजी. फ्रान्समध्ये ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टीएफ१ वर आली. त्यामुळे तिघांचंही थोडंथोडं खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी ती हिंदी डबिंगमध्ये पाहिली आहे. म्हणूनच घरात मराठी बोलणारी पोरं लढाईच्या वेळी मात्र हिंदीत गरजतात.

४. भाग उलटसुलट का वाटतात? सुरुवात कुठून करू?

पहिल्या पर्वातले 'ओरिजिन्स' हे दोन भाग आधी पाहा. कुड्या कशा मिळाल्या, पहिली लढाई कशी झाली, एड्रियनशी भांडण होऊन मग छत्रीखाली समेट कसा झाला, हे सगळं तिथे आहे. गंमत म्हणजे निर्मात्यांच्या यादीत हेच दोन भाग पहिल्या पर्वाच्या अगदी शेवटी येतात, आणि देशोदेशीच्या वाहिन्यांनी बाकीचे भागही आपापल्या सोयीने फिरवले. पहिल्या पर्वात क्रम मोडला तरी फारसं बिघडत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. दुसऱ्या पर्वापासून क्रम पाळा. तिसऱ्याच्या शेवटाकडे आणि त्यानंतर एक भाग जरी गाळला, तरी पुढच्या भागात 'हा कोण, हिच्याकडे हे कसं आलं?' सुरू होतं.

५. ते टिक्की नावाचं लाल इवलंसं भूत काय आहे?

भूत नाही, क्वामी. प्रत्येक जादुई दागिन्यात एक क्वामी राहतो आणि त्याच्याकडे सृष्टीतली एकेक शक्ती असते. कुड्यांतली टिक्की निर्मितीची, तर कॅट नॉयरच्या अंगठीतला प्लॅग विनाशाचा. टिक्की शहाणी, कुकी खाणारी. प्लॅग आळशी, कामँबेर चीजसाठी जीव टाकणारा, आणि डायनोसॉर नामशेष झाले त्यात त्याचाही हात होता असं मालिकेत सांगितलं जातं. क्वामींचा फोटो निघत नाही, व्हिडिओतही ते दिसत नाहीत. गुपित सांभाळायच्या दृष्टीने लेखकांनी करून ठेवलेली ही मोठी सोय.

६. पाच मिनिटांचं काय गणित आहे? कधी घाई असते, कधी ती निवांत गप्पा मारत बसते.

रूप बदलल्याबरोबर घड्याळ सुरू होत नाही. लेडीबगने 'लकी चार्म' किंवा कॅट नॉयरने 'कॅटाक्लिझम' ही आपापली खास शक्ती वापरली, की तिथून पाच मिनिटं. कुडीवर पाच काळे ठिपके असतात आणि मिनिटाला एक विझतो. अंगठीवर मांजराच्या पंजाचा ठसा आहे, त्याचंही तसंच. शेवटचा ठिपका गेला की पोशाख उतरतो, समोर कोणीही असो. क्वामीला खायला घातल्याशिवाय पुन्हा रूप घेता येत नाही. म्हणून मॅरिनेटच्या छोट्या पर्समध्ये टिक्कीसोबत कुकी असते, आणि एड्रियनच्या कपड्यांना कायम चीजचा वास.

ही मर्यादा फक्त अल्पवयीन नायकांना आहे. मोठ्या माणसांना शक्ती हवी तितक्या वेळा वापरता येते. भविष्यातून येणारी मोठी झालेली नायिका बनिक्स किंवा मुख्य खलनायक हॉक मॉथ घड्याळाकडे बघत पळताना दिसत नाहीत ते यामुळे.

७. लकी चार्ममधून सरळ तलवार का येत नाही? दरवेळी टॉवेल नाहीतर पाना!

कारण लढाई डोक्याने जिंकायची आहे. लाल-काळ्या ठिपक्यांची एक फालतू वस्तू हातात पडते, लेडीबग आजूबाजूला नजर फिरवते, तिच्या डोळ्यांपुढे एकेक वस्तू चमकून जाते आणि जुळणी लागते.

सर्वांत चांगलं उदाहरण तिच्या पहिल्याच लढाईतलं. स्टोनहार्ट हा दगडी राक्षस, मार बसला की आणखी मोठा होणारा. त्याची एक मूठ कायम आवळलेली. त्यातच ती वस्तू आहे, जी फोडायची. लकी चार्मने काय दिलं? पाणबुड्या घालतात तसा रबरी सूट! लेडीबग त्यात बागेतल्या पाइपचं तोंड खुपसते आणि मुद्दाम राक्षसाच्या तावडीत सापडते. सूटसकट तिला पकडायला त्याला आवळलेली मूठच वापरायला लागते. मग ती आल्या नावाच्या मुलीला ओरडून नळ सोडायला सांगते. सूट टम्म फुगतो, मूठ उघडते, आतला चुरगळलेला कागद खाली पडतो. दुसरी गंमत अशी की नळ सोडणारी आल्या म्हणजे मॅरिनेटची नुकतीच झालेली मैत्रीण, आणि आपण कोणाला मदत केली याचा तिला पत्ताच नाही.

८. हॉक मॉथ माणसांना खलनायक कसा बनवतो? त्याच्याकडे ताकद कुठून आली?

त्याच्याकडेही एक दागिना आहे, फुलपाखराचं ब्रोच. त्यातला क्वामी नूरू सज्जन आहे आणि नाइलाजाने हुकूम पाळतो. पॅरिसमध्ये कोणी चिडलं, दुखावलं, अपमानित झालं की हॉक मॉथला ते जाणवतं. तो एका पांढऱ्या फुलपाखरात काळी शक्ती भरून सोडतो. तोच अकुमा. अकुमा त्या माणसाच्या जवळच्या वस्तूत शिरतो, मग ती छत्री असो, पेन असो किंवा फोन. चेहऱ्यावर फुलपाखराची चमकती आकृती उमटते आणि कानात आवाज येतो: मी तुला शक्ती देतो, तू मला लेडीबगच्या कुड्या आणि कॅट नॉयरची अंगठी आणून दे.

अडल्या माणसाला गाठून गोड बोलत सही घेणारा सावकार असतो ना, तसं हे सगळं. माणूस खरोखर अडलेला असतो, तक्रारही बहुधा खरी असते. शक्ती मात्र व्याजासकट वसूल होते.

सोडवण्याची रीत ठरलेली आहे. वस्तू फोडायची, अकुमा यो-योमध्ये पकडून शुद्ध करायचा आणि पांढरं फुलपाखरू सोडून द्यायचं. मग लकी चार्मची वस्तू वर फेकली की हजारो लेडीबग उडतात आणि मोडतोड पूर्ववत होते. काय पूर्ववत होत नाही, ते प्रश्न १९ मध्ये.

९. आणि अकुमा पकडायचा राहिला तर?

पहिल्याच दिवशी तसं झालं. नवख्या मॅरिनेटने वस्तू फोडली, माणूस मोकळा झाला, ती खूश होऊन निघून गेली. फुलपाखरू उडालं आणि त्याची पिल्लावळ झाली. पॅरिसभर स्टोनहार्टचे दगडी पुतळे उभे राहिले आणि मूळ मुलगा पुन्हा दुखावल्याबरोबर सगळे जिवंत झाले. त्यानंतर ती यो-यो फिरवायला कधी विसरली नाही.

१०. सर्वांत भारी खलनायक कोणते? दहा नावं द्या.

दहाची यादी देत नाही, कारण नावांपेक्षा त्यांची कारणं जास्त मजेदार आहेत.

मिस्टर पिजनपासून सुरुवात करू. झेव्हियर रामिए हा कबुतरवेडा गृहस्थ. बागेत कबुतरांना दाणे टाकायला बंदी आहे म्हणून त्याला हाकलतात आणि तो शहरातल्या यच्चयावत कबुतरांचा सेनापती होतो. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये झालेली रणं पाहिलेल्या मुंबईकराला हा भाग फ्रेंच वाटणारच नाही. त्यात कॅट नॉयरला पिसांची ॲलर्जी, त्यामुळे दबा धरून बसल्यावर नेमकी शिंक येते. हा रामिए पुढे इतक्या वेळा अकुमाच्या तावडीत सापडतो की चौथ्या पर्वातल्या एका भागाचं नावच 'मिस्टर पिजन ७२' आहे. मालिकेने स्वतःचीच केलेली ही थट्टा मला फार आवडते.

स्टॉर्मी वेदर ही मुळात ऑरोर. हवामान सांगणाऱ्या मुलीच्या स्पर्धेत ती हरते आणि छत्री फिरवून पॅरिसवर गारपीट आणते. बबलर म्हणजे नीनो, एड्रियनचा जिवलग मित्र. एड्रियनचे वडील मुलाच्या वाढदिवसाला पार्टी करू देत नाहीत, म्हणून हा शहरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना फुग्यांत भरून आकाशात पाठवतो. हे पाहताना मुलांचे चेहरे एकदा बघा. रिफ्लेक्टा ही वर्गातली जूलेका. दरवर्षी वर्गाच्या फोटोत ती कुठेतरी झाकली जाते किंवा राहूनच जाते. मग ती सगळ्या शहराला आपल्यासारखं दिसायला लावते. रॉजरकॉप हा पोलीस. पुराव्याशिवाय मॅरिनेटची झडती घ्यायला नकार दिला म्हणून महापौर त्याची नोकरी घालवतो. इथे चूक कोणाची, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा.

बेकरिक्स हा मॅरिनेटचा सख्खा आजोबा. पोराने पावाच्या पिठात तांदळाचं पीठ मिसळलं म्हणून वर्षानुवर्षं अबोला धरणारा कट्टर बेकर. आणि गिगँटिटान तर बाबागाडीतलं बाळ! त्याला लॉलीपॉप हवाय. हॉक मॉथ कुड्या-अंगठीचं समजावून थकतो, बाळ ऐकत नाही. तान्ह्या मुलाशी वाटाघाटी करून पाहिलेल्या प्रत्येकाला त्या दिवशी हॉक मॉथची दया येते.

यातला एकही जण जन्माचा दुष्ट नाही. शेजारी, वर्गमित्र, शिक्षक, आजोबा, पोलीस, कोणाचाही एखादा वाईट दिवस पुरतो. रंगीत पोशाखांखाली मालिकेचा खरा जीव इथे आहे.

११. शहर उद्ध्वस्त करूनही त्यांना शिक्षा का होत नाही?

अकुमा निघाला की त्या माणसाला काही आठवत नाही, आणि मोडलेलं सगळं दुरुस्त झालेलं असतं. लेडीबगही त्याला 'काय झालं?' असं आपुलकीने विचारून उठवते. पहिल्या काही भागांत हे फार सोपं वाटतं, पण एक बाजू खटकते. ज्याने त्या माणसाला छळलं, त्यालाही बहुधा काही होत नाही. महापौराची लाडकी लेक क्लोई हिच्यामुळे निम्मा वर्ग एकदा तरी खलनायक झाला आहे, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच तोऱ्यात वर्गात. क्लोईबद्दल पुढे प्रश्न २२ मध्ये.

१२. डोळ्यांपुरता मुखवटा, तेच केस, तोच आवाज. तरी कोणी ओळखत कसं नाही?

मालिकेतलं उत्तर असं की रूपांतराची जादूच ओळख झाकते. तुम्हाला-मला दिसतं ते पॅरिसकरांना दिसत नाही. हे पटवून घ्यायचं आणि पुढे जायचं. सुपरहिरोंच्या जगात यापेक्षा तकलादू बहाणे चालून गेले आहेत.

त्यातून गमती मात्र छान होतात. क्लोई मॅरिनेटला रोज छळते आणि लेडीबगची पूजा करते. मॅरिनेटची मैत्रीण आल्या 'लेडीब्लॉग' चालवते, लेडीबग कोण याचा छडा लावायचा ध्यास घेते आणि एकदा चक्क क्लोईवर संशय घेते. त्या पाळतीपायी शाळेतून तात्पुरती काढली गेल्यावर ती स्वतःच लेडी वायफाय होते. एकदा लढाईच्या धांदलीत लेडीबगचं इतिहासाचं पुस्तक पडतं आणि आल्याला ते सापडतं. म्हणजे लेडीबग शाळकरी मुलगी! मॅरिनेटच्या तोंडचं पाणी पळतं. मग टिक्की तिला लूव्र संग्रहालयातल्या इजिप्तच्या प्राचीन पपायरसवरचं एक चित्र दाखवते. त्यात ठिपक्यांची वीरांगना आहे, कारण टिक्कीची धारक प्रत्येक काळात वेगळी असते. त्याच्या आधारे लेडीबग आल्याला ठोकून देते की माझं वय पाच हजार वर्षांहून जास्त आहे. आल्याला पटतं.

१३. प्रेमाचा 'चौकोन' म्हणतात तो काय? माणसं तर दोनच आहेत.

मॅरिनेटला एड्रियन आवडतो, एड्रियनला लेडीबग. कॅट नॉयर लेडीबगच्या मागे लागतो आणि लेडीबग त्याला 'माझं दुसऱ्यावर प्रेम आहे' म्हणून वाटेला लावते. तो 'दुसरा' म्हणजे तोच. तिकडे एड्रियन मॅरिनेटला 'फक्त चांगली मैत्रीण' म्हणतो आणि प्रेक्षक उशीत तोंड खुपसतो. माणसं दोन, पण बाजू चार, म्हणून चौकोन. आपल्या संगीत नाटकांनी वेशांतराच्या अशा घोटाळ्यांवर रात्री जागवल्या, पण तिथे तिसऱ्या अंकात उलगडा व्हायचा. इथे पर्वांमागून पर्वं जातात. मधली काही वर्षं लेखकांनी हा गुंता गरजेपेक्षा जास्त ताणला असं माझं मत आहे.

१४. मुलीला दाखवावी का? ती नायिका मुलाचा फोन चोरते, त्याचं वेळापत्रक भिंतीवर लावते!

तक्रार रास्त आहे. पहिल्या पर्वात मॅरिनेट चुकून ठेवलेला लाजिरवाणा व्हॉइसमेल पुसण्यासाठी एड्रियनचा फोन पळवते आणि त्याच्या आठवडाभराच्या कार्यक्रमांचा तक्ता खोलीत ठेवते. मालिका हे विनोद म्हणून दाखवते. कॅट नॉयरचं 'नाही' ऐकूनही लाडीगोडी लावत राहणं त्याच पठडीतलं. पुढे लेखकांनाही हे जाणवलेलं दिसतं. पाचव्या पर्वात मॅरिनेटच्या या घाबऱ्याघुबऱ्या वागण्यामागची जुनी जखम दाखवली आहे. आवडत्या मुलाकडून सगळ्यांसमोर झालेली थट्टा, आणि त्यामागे क्लोई.

सहासात वर्षांच्या मुलांना मारामारी आणि रंग आवडतात, प्रेमप्रकरण डोक्यावरून जातं. नऊदहाच्या पुढे मात्र सोबत बसा आणि फोनच्या प्रसंगाला 'तुझा फोन कोणी असा घेतला तर?' एवढं विचारा. रक्तपात नाही. भीतीचं म्हणाल तर चौथ्या-पाचव्या पर्वांतले काही प्रसंग जड आहेत.

गॅदरिंगच्या पोशाखाबद्दल विचारणाऱ्यांसाठी, इथेच थोडक्यात: लाल लेगिंग आणि टी-शर्टवर काळ्या फेल्टचे ठिपके, दोन शेंड्यांना लाल रिबिनी, डोळ्यांवर ठिपक्यांचा लाल मुखवटा, कमरेला यो-यो. पाठीवर पंख लावू नका. रोजच्या लढाईत लेडीबगला पंख नसतात आणि तुमची लेक हे तुम्हाला रडून सांगेल.

१५. (इथून रहस्यं फुटतात) हॉक मॉथ कोण, आणि त्याला हवंय तरी काय?

गॅब्रिएल आग्रेस्त, एड्रियनचा बाप. नामांकित फॅशन डिझायनर, घराबाहेर न पडणारा, मुलाशी तुटक. प्रेक्षकांना हे दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीलाच कळतं. आपल्यावर संशय येतोय असं दिसल्यावर तो स्वतःवरच अकुमा सोडून 'कलेक्टर' होतो, म्हणजे तो हॉक मॉथ असणं अशक्य वाटावं.

त्याची बायको एमिली मोराचं मोडकं ब्रोच वापरल्याने बेशुद्ध आहे आणि बंगल्याच्या तळघरात काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. कुड्या आणि अंगठी एकत्र आल्या की एक इच्छा पुरी करता येते. त्याला तिला परत आणायचंय. पण इच्छेची किंमत तेवढ्याच तोलाची मोजावी लागते, आणि ती कोण मोजणार याची पर्वा त्याला नाही. बायकोसाठी शहर जाळणारा हा माणूस तिने मागे ठेवलेल्या मुलाशी जेवणाच्या टेबलावर दोन शब्द बोलत नाही. आणि त्या मुलाशीच तो रोज लढतो, हे त्याला माहीत नाही.

१६. अकुमा आणि सेंटीमॉन्स्टर यात फरक काय?

अकुमा असलेल्या माणसाला बदलतो. सेंटीमॉन्स्टर मात्र नवा जीव असतो. मोराच्या ब्रोचमधून निघालेलं पीस कोणाच्या तरी भावनेतून तो घडवतं. हे ब्रोच आधी गॅब्रिएलची सेक्रेटरी नॅटली वापरते, मयूरा या नावाने. पीस ज्या वस्तूत असेल ती वस्तू ज्याच्या हातात, त्याचा हुकूम त्या जीवावर चालतो.

आता अवघड भाग. पाचव्या पर्वात एड्रियनचा मावसभाऊ फीलिक्स नाटकाच्या आडून सांगतो की तो स्वतः, एड्रियनची मैत्रीण कागामी आणि एड्रियन हेही असेच घडवलेले आहेत. एड्रियनचं पीस आईबापांच्या लग्नाच्या अंगठ्यांत आहे. बापाने 'घरी ये' म्हटल्यावर एड्रियनला कधीच नाही म्हणता येत नव्हतं, तो फक्त आज्ञाधारकपणा नव्हता. हे कळल्यावर जुने भाग पुन्हा पाहवत नाहीत.

१७. मॅरिनेटवर किंवा कॅट नॉयरवर कधी अकुमा बसतो का?

मॅरिनेटवर जवळजवळ. वर्गातल्या खोटारड्या लायलाच्या कारस्थानामुळे शाळेतून काढली जाते तेव्हा अकुमा तिच्यापर्यंत पोचतो, पण शेवटच्या क्षणी ती सावरते.

कॅट नॉयरवर बसतो, मात्र पुढे पुसल्या गेलेल्या एका भविष्यात. तिसऱ्या पर्वातला 'शा ब्लाँ' हा भाग. लेडीबगच्या वेशात मॅरिनेट एड्रियनच्या खोलीत स्वतः बनवलेली टोपी ठेवते आणि चिठ्ठीवर सवयीने आपलं नाव लिहून जाते. खिडकीतून निघून जाणारी ती त्याला दिसते आणि सगळं उलगडतं. दोघं प्रेमात पडतात, गॅब्रिएलला गुपित कळतं, आणि शेवटी पांढरा पडलेला कॅट नॉयर बुडालेल्या पॅरिसवर एकटा बसलेला, वर फुटका चंद्र. बनिक्स लेडीबगला तिथे नेऊन परत आणते, आणि उपाय काय? चिठ्ठीवरचं नाव खोडणं. बस. माझ्या मते मालिकेतला सर्वांत चांगला भाग हाच.

१८. मग आल्याला स्वतःहून का सांगते? कॅट नॉयरला नाही आणि मैत्रिणीला हो?

तिसऱ्या पर्वाच्या शेवटी मास्टर फू राखणदारी मॅरिनेटकडे सोपवतो आणि नियमाप्रमाणे त्याची स्मृती जाते. आता सगळे दागिने, सगळी गुपितं एका चौदा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर. प्रियकर लूकाशी नातं तुटतं, मैत्रिणी 'तू आमच्यापासून काय लपवतेस?' म्हणून धरतात. चौथ्या पर्वाच्या सुरुवातीला तिचा बांध फुटतो आणि ती आल्याला सांगून टाकते. कॅट नॉयरला का नाही, याचं कारण प्रश्न १७ मधला फुटका चंद्र. ते भविष्य फक्त तिने पाहिलंय आणि त्याला सांगायची सोय नाही. आल्याला ठाऊक आहे हे कळल्यावर तो दुखावतो, आणि त्याचंही चुकत नाही.

१९. लेडीबग सगळं पूर्ववत करते, तर एमिलीला का नाही? फूची स्मृती का नाही?

तिची दुरुस्ती त्या लढाईतल्या जादुई नुकसानीपुरती. पडलेला पूल, गोठलेली माणसं, लढाईत गायब झालेला कॅट नॉयर हे सगळं परत येतं. एमिलीचा आजार लढाईतला नाही, वर्षांपूर्वी मोडका दागिना वापरल्याचा आहे. फूची स्मृती हा राखणदारी सोडण्याचा नियम, नुकसान नव्हे. आणि लेडीबगच उरली नाही तर दुरुस्तीही नाही, म्हणून 'शा ब्लाँ'मध्ये कोणी परत येत नाही.

२०. बाकीच्या मुलांकडे दागिने कसे? मग एवढी फौज असून हॉक मॉथ हरत का नाही?

लेडीबग ते गरजेपुरते वाटते आणि परत घेते. आल्याला कोल्हा, नीनोला कासव, कागामीला ड्रॅगन, लूकाला साप. सापाची शक्ती ठरावीक पाच मिनिटं पुन्हा पुन्हा जगण्याची. ती आधी एड्रियनला मिळाली होती. तो हजारो वेळा तीच लढाई लढला, प्रत्येक वेळी हरला आणि कंकण परत केलं. फौज फार काळ टिकली नाही. चौथ्या पर्वाच्या शेवटी फीलिक्सच्या सौद्यामुळे जवळपास सगळे दागिने गॅब्रिएलच्या हाती जातात आणि पाचव्यात तो 'मोनार्क' म्हणून उभा राहतो.

२१. पाचव्या पर्वाच्या शेवटी नक्की कोण जिंकलं?

गॅब्रिएलने इच्छा केली, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तोच. पण त्याने स्वतःचा जीव देऊन मरणाच्या दारातल्या नॅटलीला वाचवलं. जगाला वाटतं गॅब्रिएल मोनार्कशी लढताना वीरासारखा मेला. एड्रियनलाही तेच वाटतं. खरं मॅरिनेटला माहीत आहे, आणि आता ती त्याची मैत्रीण म्हणून त्याचा हात धरून उभी आहे.

तिने सांगायला हवं होतं का, यावर सर्वांत लांब पत्रं येतात. माझं मत असं की मुखवटा लपवणं तिचा हक्क होता, पण त्याच्या बापाचं सत्य लपवणं नाही. सत्याने तो मोडेल ही भीती खरी असली, तरी ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी ठरवलं त्याच्या वतीने आणखी एकाने ठरवलं. २०२५ मध्ये सुरू झालेल्या सहाव्या पर्वात तिला हे ओझं वागवावं लागतं.

२२. क्लोई सुधारणार होती ना? आणि लायला एवढी खोटं का बोलते?

क्लोईला मधमाशीचा दागिना मिळाला, क्वीन बी म्हणून काही भाग ती खरंच चांगली वागली, आणि तिसऱ्या पर्वाच्या शेवटी मानापमानाच्या रागात हॉक मॉथला जाऊन मिळाली. पुढे तिला सुधारायची संधी लेखकांनी दिली नाही. तिचे चाहते अजून नाराज आहेत. मीही.

लायला वेगळी. ती दुखावून खलनायक होत नाही, थंड डोक्याने होते. लेडीबगने तिचं पहिलं खोटं एड्रियनसमोर उघडं पाडलं तिथून हाडवैर सुरू झालं. पाचव्या पर्वात कळतं की ती वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या घरांत राहते. फुलपाखराचं ब्रोच शेवटी तिच्याच हाती लागलंय. प्रश्न १० मध्ये म्हटलं की कोणी जन्माचा दुष्ट नाही, त्याला अपवाद असलाच तर हा.

२३. सिनेमा पाहिला, पण त्यात सगळंच वेगळं आहे. मी काही चुकवलं का?

नाही. २०२३ च्या जुलैमध्ये आलेला सिनेमा ही स्वतंत्र गोष्ट आहे. पात्रं तीच, पण सुरुवात वेगळी, मध्ये गाणी, शेवटही वेगळा. त्यातलं काही मालिकेत धरायचं नाही. न्यूयॉर्क, शांघाय, लंडन वगैरे शहरांवरचे विशेष भाग मात्र मालिकेचेच. न्यूयॉर्कचा भाग तिसऱ्या पर्वानंतर बघितला तरी चालतो. लंडनचा पाचवं पर्व संपल्याशिवाय लावू नका, नाहीतर प्रश्न २१ चं उत्तर तुम्हाला तिथेच फुकटात मिळेल.